निशमध्ये ठेवलेलं इंटरनेट

कट्ट!

दुपारची जेवणं आटोपून सगळं घर निजलं होतं, आणि छोट्या हनीनने साखरेत घोळलेला फुटाणा दाताखाली फोडला. शाहिनाझ दचकली. समोर वडिलांचा जुना लॅपटॉप, आणि त्यावर सकाळपासून एकच वाक्य: ‘दूरचा संगणक उपलब्ध नाही.’

“दूरचा कसला मेला,” ती पुटपुटली.

तांताहून कैरोतल्या शुब्राला आगगाडीने माणूस एका डुलकीत पोचतो. पण शाहिनाझ रुसून माहेरी आली होती, आणि रुसून आलेल्या बाईला ते अंतर आपणहून कापता येत नाही. नवऱ्याने घरातलं वडीलधारं माणूस बरोबर घेऊन न्यायला यायचं असतं. वाएल यायला एका पायावर तयार होता. बरोबर यायचे मोठे काका मात्र दोन्ही पायांनी नाराज होते. त्यांचे गुडघे धरले होते. तेव्हा एक संसार काकांच्या गुडघ्यांवर अडून बसला होता.

रुसून निघताना बाई कपडे घेते, मूल घेते. संगणक घेत नाही. तो उचलला तर रुसवा राहत नाही, बिऱ्हाड होतं. त्यामुळे तिचा मोठा संगणक शुब्राच्या घरी चालूच राहिला होता, ती इथल्या लॅपटॉपवरून त्यात शिरून काम करी, आणि दुमियातच्या सुतारखान्यासाठी काढलेलं चित्र त्याच्या पोटात. सुतारखान्याच्या हाजी बसिऊनींनी निरोप धाडला होता: नवरीकडची मंडळी आज संध्याकाळच्या नमाजानंतर बघायला येणार. तोवर चित्र आलं तर ठीक, नाहीतर चित्रं काढणाऱ्या दुसऱ्या बाई आहेत, आणि यापुढे त्याच राहतील.

चित्र होतं निशचं. लग्नात मुलीबरोबर येणारं ते काचेचं कपाट, ज्यात चिनी मातीची भांडी मांडतात, कुलूप घालतात आणि जन्मभर साध्या ग्लासातून चहा पितात. शाहिनाझ असली कपाटं आखून पोट भरत होती. स्वतःच्या निशची किल्ली मात्र सासूबाईंच्या गळ्यात. एकदा ती मागून घेऊन तिने हनीनला सोनेरी काठाच्या कपात दूध दिलं, कप हनीनच्या हातून निसटला, आणि सहाच्या संचात पाच उरले. सासूबाई म्हणाल्या, “घर सांभाळता येत नाही ते येत नाही, वर मांडलेलं मोडायची हौस.” त्या वाक्यावर बॅग भरली गेली.

तिने वाएलला निरोप पाठवला. उत्तर आलं: ‘बंद करून चालू कर.’

‘इथून?’

‘मग आईला सांग. मी कामावर आहे, आणि तू गेल्यापासून तिच्याकडेच खाली जेवतो-झोपतो, वर गेलोच नाही.’ आणि खाली एक गुलाब. संकटात गुलाब पाठवण्यात वाएलचा हात कुणी धरू शकलं नसतं.

दारात तिची आई अवातिफ उभी होती, झोपेचं सोंग टाकून. “सासूला फोन करायचा नाही हं! जो आधी बोलला तो हरला. मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

“काम जाईल गं आई.”

“जाऊ दे. मान राहील.”

शाहिनाझने हनीनकडे पाहिलं. हनीनचं कुणाशीच भांडण नव्हतं. तिने नंबर लावून फोन लेकीच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला.

“आजी, आई म्हणते... नाही, मी म्हणते, वर जाऊन कॉम्प्युटर बघ.”

पलीकडून सासूबाईंचा, इन्शिराहबाईंचा आवाज, मधात बुडवलेल्या सुईसारखा. “माझी सोन्यासारखी नात! तू म्हणतेस तर जाते हो. नाहीतर या जिन्याला आता कोण विचारतंय?”

नातीला बोलून सुनेला लावायची कला त्यांच्याइतकी कुणाला साधली नव्हती.

“बघ, आले वर. कॉम्प्युटरच्या डब्याचा दिवा लागलाय. मी त्यावर क्रोशाचं झाकण घातलंय, उघडा बरा दिसत नव्हता.”

“झाकण काढ म्हणावं, तापेल,” शाहिनाझ कुजबुजली.

“झाकण काढ, आजी, त्याला उकडतंय.”

“काढलं. पुढे?”

“टेबलावरचा इंटरनेटचा छोटा डबा. अँटेना असलेला. त्याचे दिवे?” हनीनने आईचं पुढे सांगितलं.

“तो होय! तो मी पुसून निशमध्ये ठेवलाय. वायर गुंडाळून, रिबीन बांधून. चहादाणीशेजारी शोभतो. नाहीतरी घरात वापरणारं कोण होतं? आणि हनीन, तुझ्या आईला सांग, चांगल्या वस्तू अशा ठेवायच्या असतात.”

“अहो आई, तो बाहेर काढा ना!”

शाहिनाझ स्वतःच बोलून गेली. अवातिफने कपाळावर हात मारला.

“कोण बोललं?” इन्शिराहबाईंनी सावकाश विचारलं.

“मी. शाहिनाझ.” आता हरायचंच तर पुरतं हरावं. “संध्याकाळपर्यंत चित्र नाही गेलं तर काम जाईल, आई. किल्ली तुमच्या गळ्यात आहे.”

किल्ली खडखडली. बराच वेळ खडखडत राहिली.

“कुलूप अडतंय?”

“कुलूप नाही गं. किल्ली गळ्यातून काढायची सवय राहिली नाही.” काच सरकली, एक बशी किणकिणली. “लावला भिंतीत. हिरवा झाला. नाही, तांबडा. थांब, हिरवा.”

लॅपटॉपवरचं वाक्य गेलं आणि शुब्राचं घर उघडलं: हनीनचा दात पडलेला फोटो, आणि त्यावर चित्राची फाईल. शाहिनाझने ती उचलली.

“बिस्मिल्ला!” पलीकडून किंकाळी आली. “पडद्यावरचा बाण आपोआप पळतोय!”

“मी आहे, आई.”

“तू? आत?”

“आत.”

“मग चहा टाकू का?” पण टोमणा अर्ध्यावरच पांगळा झाला. चित्र पडद्यावर उलगडलं होतं. “ही निश तू काढलीस? कुलूप नाही काढलंस ते.”

“काढायचंय. नवरीच्या सासूची अट आहे.”

“मग काढ बाई. सासू म्हटल्यावर...” त्या जरा थांबल्या. “छोटंसं काढ.”

तिने छोटंसं काढलं आणि पाठवून दिलं. खाली मशिदीत अजून हालचालही नव्हती. हाजींचं उत्तर आलं, ‘मिळालं.’ शाहिनाझने हनीनच्या केसांत तोंड खुपसलं. केसांना साखरेचा वास येत होता.

“झालं? बंद करू हा?” फोनमधून प्रश्न आला.

“राहू दे चालू.”

“राहू दे. पंखा घुरघुरतो त्याचा. घरात कुणी असल्यासारखं वाटतं.” मग घाईने: “काकांना गुडघ्यांचं मलम देते आजच. कप पाचच आहेत, पण आपण चौघंच तर आहोत.”

फोन ठेवला गेला. अवातिफ स्वयंपाकघरात गेली. हरलेल्या मुलीसाठी तिने भांडी जरा जास्तच आपटली.

हनीनने मुठीतला शेवटचा फुटाणा आईच्या तोंडात कोंबला आणि पडद्यावरच्या आपल्याच फोटोला बोट लावलं.

“आई, तू आत्ता आपल्या घरी गेली होतीस ना?”

“हो गं राणी.”

“मग मला का नाही नेलंस?”