माझं तेलाचं पान

मी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा आहे, आणि आज मनातलं बोलणार आहे. अमरावतीच्या एका संस्थेच्या कपाटात मला बारा वर्षं झाली.

संस्थेच्या पाहणीसाठी किशोरभाऊंनी मला हिवरखेडला घरोघरी बसून भरलं. एकेका घरी दोन-दोन तास. महिन्याची ज्वारी, डाळ, चहापत्ती, तेल, सगळं विचारून. भाजीवाल्या शकुनबाई वैतागल्या होत्या, "एवढं काहून पुसून राहिला भाऊ? तेल का मोजून खाते कोणी?" पण उठून बाटली आणलीच. तिचा गोल डाग माझ्या तेलाच्या पानावर अजून आहे.

मग टॅब आला. त्याला कव्हर, त्याला काच, रोज त्याचं चार्जिंग. मला एक सुतळी, तीही सैल. तो माणसं, छप्पर, शिक्षण, मोटारसायकल विचारतो आणि वीस मिनिटांत मोकळा. खर्चाचा एकही प्रश्न नाही. तरी कौतुक त्याचंच! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा संस्थेत हिशेब पाहणाऱ्या रागिणीताईंना ठरवायचं होतं, हिवरखेडची गरिबी किती घटली. निम्म्यावर आली असेल, तर संस्थेची धान्यमदत बंद होणार होती. टॅबकडे खर्चच नव्हता. तेव्हा त्यांनी माझी सुतळी सोडली. कसं छप्पर, किती माणसं, गाडी आहे की नाही, यावरून घराचा खर्च किती असतो, हे माझ्यातून शोधलं आणि तेच टॅबमधल्या घरांना लावलं. मी फुगलो. बघ म्हटलं, तुझी रिकामी जागा मी भरतोय!

उत्तर आलं: गरिबी आधीच्या निम्म्याहूनही कमी.

किशोरभाऊ हसले. "मॅडम, या हिशेबानं शकुनबाई त शेठाणी झाल्या! एक डाव जाऊन पाहू न."

एकाच पिशवीत टॅब आणि मी हिवरखेडला गेलो. शकुनबाई म्हणाल्या, "गाडी? ते त भाजी नेयाची हाय, बाई. फिरायले थोडीच घेतली! तेल आमी अजून पावच आणून राहिलो."

चूक माझ्यामुळे झाली होती. माझ्या काळी गाडी सुखवस्तू घरीच असे. रागिणीताईंनी गाडी वगळली. ज्यांचा अर्थ बदलला नाही, तेवढ्याच गोष्टी ठेवल्या. गरिबी थोडीच घटलेली निघाली, तीही नेमका आकडा नव्हे, इतक्यापासून इतक्यापर्यंत. धान्य सुरू राहिलं.

आता टॅबशेजारीच असतो मी. एक मागणं आहे: पुढच्या वेळी त्यालाही तेलाचं विचारायला लावा. मग माझी सुतळी कोणी सोडणार नाही, ठाऊक आहे मला. पण बाटलीचा डाग काही त्याच्या काचेवर टिकायचा नाही. तेवढा माझा एकट्याचा राहू द्या.