सहावं भिंग

सुवर्णानं छापील यादीवरची पट्टी सरळ केली आणि फोन लावला. पलीकडून तोच ठरावीक आवाज आला: हा क्रमांक अस्तित्वात नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा. तिनं फोन टेबलावर ठेवला. पट्टी मात्र सत्ताविसाव्या ओळीखालीच राहू दिली.

तक्ता बुलढाण्याहून आला होता. नऊ वर्षांपूर्वी या निवासी शाळेतून आठवी होऊन गेलेल्या मुली आज काय करतात, हे शासनाला हवं होतं. एकूण एकतीस मुली. कुणाचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, कुणाचे वीटभट्टीवर, कुणाला आईबापच नाहीत. प्रत्येकीसमोर एकच आकडा भरायचा. शिक्षण चालू असेल तर एक, कमावत असेल तर दोन, विवाह झाला असेल तर तीन, संपर्क नसेल तर चार. आकडा पडला की ती ओळ संगणकावर हिरवी व्हायची.

तीस ओळी हिरव्या करायला सुवर्णाला चार दिवस लागले होते. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि मोजमाप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही ही तिची जुनी सवय होती. शेजारणीकडून कळलेला आकडा तिनं एकही घेतला नाही. प्रत्येकीचा आवाज ऐकला. रेणुका खामगावला नर्स झाली होती. कोकिळाचं वडनेर भोलजीला शिवणकामाचं दुकान होतं, शिवाय बी. ए. चालू होतं, शिवाय दोन वर्षांपूर्वी लग्न झालं होतं.

“तुझ्यापुढं काय लिहू?” सुवर्णानं तिला विचारलं होतं.

“तिन्ही लिवा ना मॅडम.”

“एकच आकडा बसतो.”

“मंग दोनच लिवा. तीनचा काही भरोसा नाही.” आणि कोकिळा इतकी हसली की मागची शिवणयंत्रं थांबल्याचं सुवर्णाला फोनवर ऐकू आलं.

राहिली ती सत्ताविसावी ओळ. महामाया इंद्रभान सरकटे. साखरखेर्ड्याकडची.

वर्गात सहा भिंगं होती. त्यांतलं एक महामायाच्या हातून कुणाला मिळत नसे. पान, वाळू, स्वतःच्या अंगठ्याच्या रेषा, मैत्रिणीच्या वेणीतली ऊ, सगळं ती त्याखाली धरायची. सुवर्णानं मुलींना एकच नियम घालून दिला होता: जिवंत काही पाहायचं तर सावलीत पाहायचं, उन्हात भिंग धरलं की त्याखालचा जीव भाजतो. आठवीचा निकाल घेऊन मुली घरी गेल्या, त्या संध्याकाळी सुवर्णानं पेटी मोजली. भिंगं पाच होती. त्याच दिवशी दुपारी महामाया तिच्यापुढं उभी राहून म्हणाली होती, “दहावी झाली का सगळ्यात आधी तुमाले फोन करीन मॅडम.” बोलताना तिचा एक हात पूर्ण वेळ ओढणीखाली होता.

फोन आला नाही. याचा अर्थ दहावी झाली नाही, किंवा ती विसरली. सुवर्णा या दोन शक्यतांचा अधूनमधून विचार करी. दुसरी खरी असावी, असं तिला वाटायचं.

शाळेतल्या सगळ्या वस्तूंची दरवर्षी मोजणी होई आणि ती जडसंग्रह नोंदवहीत लिहावी लागे. सुवर्णा लिहायची: भिंग, सहा. कपाटात पाच. वापरात एक. त्यातला शेवटचा एक ती पेन्सिलीनं लिहायची. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, सगळी नोंदवही पेननं, मग एवढाच आकडा पेन्सिलीनं का? खात्री झाली की पेननं करते, असं ती म्हणाली होती. साहेब पुढच्या पानावर गेले.

साडेतीनला बुलढाण्याहून फोन आला. तक्ता गोळा करणारे राजकुमार.

“मॅडम, तुमची एक ओळ लाल दिसून राह्यली.”

“मुलगी सापडत नाहीये.”

“मंग चार टाकून द्या न. चारले कोनी काही इचारत नाही. एक, दोन, तीन टाकलं का तिचा फोन नंबर द्या लागते, आन त्यातल्या काहींले आमी इथून फोन लावून पाहू. चार टाकलं का काम खतम.”

“पाचपर्यंत वेळ आहे ना?”

“हाव, पाचपर्यंत. पन पाच म्हंजे पाच.”

सुवर्णा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चांगुणाबाई पहिल्या दिवसापासून इथं स्वयंपाकाला होत्या. मुलींची नावं त्या विसरत, पण कुणाला वरण पातळ लागतं आणि कोण पोळीचे काठ ताटाखाली लपवते हे त्यांना दहा वर्षांनंतरही आठवे. त्या परातीत कणीक मळत होत्या. फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मुलींनी त्यांच्या फोनमध्ये प्रत्येक नंबरापुढं एकेक चित्र लावून दिलं होतं.

“चांगुणाबाई, महामायाचा काही पत्ता?”

“कोनती महामाया?”

या शाळेत आजवर महामाया एकच होती. चांगुणाबाईंनी कणकेला पाण्याचा हबका मारला.

“मले काही इचारू नका मॅडम. म्या शबद देल्ला हाय एकीले.”

सुवर्णानं दाराच्या चौकटीला हात टेकवला. “बरी आहे का, एवढं तरी सांगा.”

“इचारू नका म्हनलं न.” चांगुणाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. वाचता येत नसलं तरी काटे त्यांना कळत. “काही काम नसन तं बसा इथं. हे मेथी निवडून द्या. आज तिकडला बाजार हाय.”

मेथीचा आणि कुठल्याशा बाजाराचा संबंध सुवर्णाला लागला नाही. तरी ती पाटावर बसली. तिनं एक जुडी सोडली आणि पानं खुडू लागली, सगळी सारख्या लांबीच्या देठांची.

“अशी निवडसान तं पोट्ट्या उद्या जेवतीन,” चांगुणाबाई म्हणाल्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. पडद्यावर सूर्यफूल आलं. चांगुणाबाईंनी कोपरापर्यंत माखलेले दोन्ही हात वर करून दाखवले.

“माहे हात भरले. तेवढं हिरवं दाबा. आन बोलू नका.”

सुवर्णानं हिरवं दाबलं, मग स्पीकरचं.

“मावशी, बाजारात आली म्या. जेवली का?”

आवाज जाड झाला होता. पण ‘मावशी’तला ‘शी’ लांबवायची पद्धत तीच होती.

“चार वाजता कोनी जेवते काय वं? तुहं सांग. निकालाचं काय झालं?”

“लागला. गनित निंघालं. बावन.”

“मंग झाली न दहावी.”

“कायची होते? इंग्रजी राह्यली. तिचा फॉर्म पुन्हा भरा लागते. दिवसभर वावरात निंदन, घरी आली का सैपाक, लेकरू. कवा वाचू? पन विज्ञान मागंच निंघालं. एक्याऐंशी.”

सुवर्णाच्या हातातली काडी तशीच राहिली.

“मॅडम कशा हायेत?”

चांगुणाबाईंनी सुवर्णाला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. “चांगल्या हायेत. केस पिकले जराशेक. कामाले लई हळू झाल्या.”

“तू सांगतलं नाही न त्याइले?”

“म्या कोनाले काही सांगत नसते.”

“नोको सांगू. इंग्रजी निंघाली का मीच येते, मार्कलिस घेऊन. त्याइचं भिंग बी द्या लागते. चोरलं म्या ते मावशी. तसंच हात हलवत कोन्या तोंडानं जाऊ?”

पलीकडं काहीतरी खाली पडलं आणि एक लहान आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

“मम्मी, मम्मी, पाह्य न. मुंगळ्याच्या पायाले केसं हायेत.”

“पाह्यते. पह्यले तू सावलीत हो. किती डाव सांगतलं, उन्हात धरू नोको त्याच्यावर. जीव हाय त्याले.”

सुवर्णा मेथीच्या ढिगाकडं पाहत राहिली. मग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

बोलणं आणखी थोडा वेळ चाललं. मिरच्यांचा भाव, सासूचा गुडघा. फोन बंद झाल्यावर चांगुणाबाईंनी कणकेवर ओलं फडकं टाकलं.

“म्या काही सांगतलं नाही.”

“नाही.”

“आन तुमी काही ऐकलं नाही.”

“मी मेथी निवडत होते.”

“निवडत होत्या म्हने,” चांगुणाबाई म्हणाल्या आणि उरलेल्या जुड्या स्वतःकडं ओढल्या.

सुवर्णा कार्यालयात येऊन संगणकापुढं बसली. शिकत होती, म्हणजे एक. मजुरी करत होती, म्हणजे दोन. घरात सासू होती, मुंगळ्याला भिंगाखाली धरणारं लेकरू होतं, म्हणजे तीन. तिन्हींतलं कुठलंही खरं होतं, आणि कुठलंही लिहिलं तरी शेजारच्या चौकटीत फोन नंबर द्यावा लागला असता. मग एखाद्या दुपारी निंदण चालू असताना बुलढाण्याचा अनोळखी माणूस तिला विचारणार, तुमच्या मॅडमनी नंबर दिला, आपण सध्या काय करता?

अंक लिहिताना सुवर्णाचा हात सहसा थांबत नसे. आज थांबला. मग तिनं चार दाबला. ओळ हिरवी झाली.

मिनिटभरात राजकुमारांचा संदेश आला. त्यात उंचावलेला अंगठा होता आणि खाली लिहिलं होतं: शंभर टक्के.

तिनं तक्ता बंद केला. कपाटाची किल्ली घेतली आणि खालच्या खणातली जडसंग्रह नोंदवही काढून टेबलावर उघडली. भिंगाचं पान तिला शोधावं लागलं नाही. ‘वापरात’पुढं नऊ वर्षांचे पेन्सिलीतले नऊ एक एकाखाली एक उभे होते. वरचे इतके फिकट झाले होते की कागद उजेडाकडं तिरपा धरावा लागला.

सुवर्णानं पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली.