पालथी काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पिंपळीतल्या एका घराच्या परसात, शेवग्याच्या बुडाशी, पालथी पडले आहे. तोंड मातीकडे असल्यामुळे माझं बोलणं दबकं येईल. ऐकायचं असेल तर जरा वाका.

तुमच्यातल्या पुष्कळांनी काठवट पाहिलीच नसेल. घरोघरी स्टीलच्या पराती नव्हत्या तेव्हा भाकरीचं पीठ लाकडाच्या पसरट परातीत मळायचे. ती परात म्हणजे मी.

त्याच्याही आधी मी झाड होते. नरसिंहपूरला भीमा आणि नीरा एकमेकींना मिळतात, तिथल्या काठावरचा कडुलिंब. उन्हाळ्यात लिंबोळ्या पिवळ्या झाल्या की बुलबुल, साळुंक्या, कोकीळ यांचा नुसता गलका उठायचा. मी कुणाला बोलावलं नाही की कुणाला हाकललं नाही. पाखराला काय घालावं हे झाडाला शिकवावं लागत नाही. माणसाला शिकवावं लागतं, आणि शिकवलं तरी तो आपलंच खरं करतो.

एका वादळात झाड पडलं. सावळाराम सुतारानं बुंध्याचा जाड तुकडा उचलून नेला आणि तासणीनं कोरायला घेतला. मध्ये खोलगट केला, कडा जाड ठेवल्या, वरून गुळगुळीत केला. बुडालाही त्यानं वाटीएवढा एक खड्डा कोरला, म्हणजे जमिनीवर मी घट्ट बसावी, पीठ मळताना सरकू नये. बुडाचा हा खड्डा ध्यानात ठेवा. माझा घात पुढे त्यानंही केला.

सावळारामाच्या आळीतल्या जमीलाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी मला लग्नातल्या भांड्यांत घातलं. अशी मी पिंपळीला आले. पहिल्या दिवशीच्या भाकरी कडू निघाल्या. नवरदेव चाँदभाई एक घास खाऊन म्हणाला, "नवरी नरसिंहपूरची हाय का लिंबाची?" घर हसलं. जमीला नाही हसली. तिनं मला ताकात भिजवून ठेवलं, मग तेल पाजलं, मग उन्हात टाकलं. पुन्हा ताक, पुन्हा तेल. हळूहळू कडूपणा गेला.

लाकूड पितं, मित्रांनो. जे घालाल ते पितं आणि धरून ठेवतं. तो माझा गुण होता. बायका यायच्या, माझ्यावरनं हात फिरवायच्या, म्हणायच्या, काठवट कशी तेलानं तुकतुकीत झाली. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्याच गुणाची मला किळस येते.

तेव्हा घरामागं ज्वारीचं रान होतं. कणसं भरली की चाँदभाई माळ्यावर गोफण घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, हाऽ हाऽ. पाखरांचे थवे उठायचे ते थेट परसात उतरायचे, कारण तिथं जमीला मूठ उधळत असायची. चाँदभाई चिडायचा. "मी तिकडं हाकलतोय आन् तू हितं पंगत वाढतीस व्हय?"

"रानाचं मालक तुमी," जमीला म्हणायची. "परसाची मी. माझ्या दारातनं पाखरू हाकललं जाणार न्हाय."

हे भांडण त्यांचा संसार संपेपर्यंत चाललं. त्यात भांडण कमी आणि लाड जास्त होते.

पुढे मला चीर पडली. पाणी गळायला लागलं, तशी घरात परात आली. दुसऱ्या घरात मी चुलीत गेले असते. जमीलानं मला परसातल्या दगडावर मांडलं आणि म्हणाली, आता हिच्यात पाखरं जेवतील. माझ्या आयुष्यातली खरी चांगली वर्षं ती.

जमीलाची पाखरं सांभाळायची एक रीत होती. बाजरी, ज्वारी, राळा, तांदळाच्या कण्या, एवढंच ती घालायची आणि दुपारपर्यंत संपेल एवढंच घालायची. मीठ, तेल, तिखट लागलेलं काही नाही. उरलेलं झटकायची, मला घासायची, उन्हात वाळवायची. ओल्या भांड्यात दाण्याला बुरशी येते आणि आजारी पाखरू दुसऱ्याला आजार देऊन जातं, हे तिला बघून बघून कळलं होतं. पाण्याची मातीची थाळी वेगळी असायची. परसाचा एक कोपरा ती कधी साफ करू द्यायची नाही. तिथं बोरीचं झुडूप, कामुन्यांची काळी फळं, माजलेला राजगिरा आणि जुन्या शेणखताचा ढीग होता. पिलाला दाणा पचत नाही, अळी लागते, म्हणून तो ढीग. शेजारची कुशाबाई कुंपणावरून चिडवायची, "जमीलाभाभी, तुमच्या पाखरांचं रोजच लगीन हाय का वो?"

"लगीन असतं तर तुला बोलावलं नसतं का?" जमीला म्हणायची.

मग ज्वारी गेली आणि ऊस आला. चाँदभाई वारला. चहूकडं हिरवंगार झालं, लोक म्हणाले गाव सुधारलं. पण उसाच्या हिरव्या भिंतीत चिमणीला टिपायला दाणा नाही. बांधावरचं गवत तणनाशकानं जळालं, त्याच्याबरोबर गवताचं बी गेलं, अळ्या गेल्या. साखर तुमच्या चहात आली आणि पाखराची चोच रिकामी राहिली. वर्षातला एक दिवस तुम्ही चिमणीसाठी राखून ठेवलाय म्हणे. त्या दिवशी प्लॅस्टिकच्या बाटल्या टांगायच्या, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा. कुणाला राग आला तर येऊ द्या.

अशात आसपासची सगळी पाखरं एका परसाच्या जिवावर राहिली. म्हणजे जमीलाच्या आणि माझ्या.

आणि जमीला न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही जमिनीला लागेना. परसाकडच्या खिडकीशी तिची खाट टाकली. तिथून मी तिला दिसत होते आणि ती मला.

आता दाणा कोण घालणार? सगळ्यांनी घातला, हेच वाईट झालं. कुशाबाई खारट खिचडी टाकून जायची. कुणी शेव टाकली, कुणी बिस्किटं कुस्करून टाकली, कुणी ब्रेड. सगळ्यांना पुण्य हवं होतं, मला घासायला कुणी नव्हतं. माझ्या चिरेत आंबट बुरसा साठला. उंदीर यायला लागले. जमीला खाटेवरून सांगायची, पण आजारी म्हातारीचं बोलणं लोक हो हो करून ऐकतात आणि विसरतात.

तिचा मुलगा परवेज. वडगाव निंबाळकरला त्याचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. आईवर फार जीव. ती रोज संध्याकाळी त्याला एकच विचारायची, पाखरांना घातलंस का? तो दमून आलेला असायचा. एक दिवस घरातली बाजरी संपली आणि तो दुकानातून एक पिशवी घेऊन आला. मुदत संपलेलं बाजरीचं बियाणं. दाणा गुलाबी, कारण त्याला औषध लावलेलं.

औषध! मित्रांनो, या शब्दाचा मला संताप आहे. जमीलाच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या औषध. उसावर मारतात ते औषध. बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात तेही औषध. जगवतं आणि मारतं या दोन्हींना एकच नाव ज्या माणसांनी दिलं, त्यांचा एक दिवस गोंधळ होणारच होता.

परवेजला ते विष आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. गिऱ्हाइकाला तो स्वतः बजावायचा. पण त्याच्या डोक्यात आपल्या इकडची एक समजूत पक्की होती, की धुतलं की जातं. त्यानं बाजरी बादलीत धुतली. पाणी गुलाबी झालं. पुन्हा धुतली. मग ती ओलीच माझ्यात पसरली, वाळायला.

कुशाबाई कुंपणापाशी आली. "परवेज, ह्याला औषध लावल्यालं होतं न्हवं?"

"धुतलंय की, काकी. दोनदा धुतलंय. रंग दिसतोय का कुठं?"

रंग दिसत नव्हता. कारण उरलेलं गुलाबी पाणी माझ्या चिरेतून मी पीत होते. पहिल्या भाकरीसारखी कडू चव. मी झाड होते, मला विष कळतं. पण काठवटीला तोंड असतं का बोलायला?

सकाळी पाखरं आली. जमीला गोळीच्या गुंगीत अजून झोपली होती. चांगला दाणा किती दिवसांनी मिळाला होता. चिमण्या, होले, मुनियांची झुंड. आधी एक होला पिसं फुगवून बसला. मग चिमण्या उडायच्या सोडून जमिनीवरच फडफडायला लागल्या, जणू अंग त्यांचं नव्हतंच. ऊन वर येईपर्यंत माझ्याभोवती सगळं शांत झालं होतं.

परवेज बाहेर आला, त्यानं सगळं बघितलं. मग गपचूप खोरं आणलं आणि शेवग्याखाली खड्डा घेतला. मेलेली पाखरं त्यात पुरताना तो रडला. हेही सांगितलं पाहिजे.

आतून जमीलाचा आवाज आला. "परवेज, आज कुणीच बोलंना का रं?"

"ऊन हाय, अम्मी. सावलीला गेली असतील."

दाण्यानं जेवढं मारलं, त्याहून ही थाप मला जास्त झोंबली. त्यानं मला साबणानं घासलं, उन्हात उभी केली, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. दाणा घालायचा बंद केला, एवढंच. जमीलाला वाटलं, पोराला सवड होत नाही.

उन्हाळा तापला. पाण्याची मातीची थाळी कधीच फुटली होती. जमीला खिडकीतून बघायची, उरलीसुरली पाखरं चोच उघडी टाकून शेवग्यात बसलेली. एक दिवस तिनं सुनेला हाक मारली. "साजिया, दाणा न्हाय तर न्हाय. काठवटीत पाणी तरी ठेव गं."

साजियानं मला काठोकाठ भरलं. भिजल्यावर लाकूड फुगतं, चीर मिटते, पाणी राहतं. साबणानं माझं वरचं अंग धुतलं गेलं होतं, आतलं लाकूड नाही. आत मुरलेलं सगळं सावकाश त्या पाण्यात उतरलं.

बुलबुलाचं जोडपं आलं. दोघं प्यायले. जमीला खिडकीतून बघत होती आणि हसत होती. तिनं सगळं बघितलं. त्यातला एक फांदीवर जाऊन बसला आणि पिकलेल्या फळासारखा टपकन पडला, तेही. दुसरा माझ्या काठावरच मान टाकून राहिला.

परवेजला तिनं दुकानातून बोलावून घेतलं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सगळं सांगितलं. बियाणं, धुणं, खड्डा, थाप. जमीलानं त्याच्या हातांकडे बघितलं.

"औषध धुतलं जात न्हाय रं, परवेज," ती म्हणाली. "आपण नुसतं हात धुतो."

मग म्हणाली, "त्या दिशीच सांगितलं असतंस, तर मी पाणी ठिवायला लावलं नसतं. त्ये दोन माझ्या हातनं मेलं."

तो म्हणाला, काठवट जाळून टाकतो. ती म्हणाली, धूर कुठं जाईल? तो म्हणाला, पुरतो. ती म्हणाली, गांडुळं मरतील, ती साळुंकी खाईल. तो म्हणाला, कालव्यात सोडतो. ती म्हणाली, मासे हायत, बगळे हायत. एवढ्या मोठ्या जगात माझ्यासाठी जागा सापडेना. शेवटी ती म्हणाली, पालथी घाल, म्हणजे कुणी काही घालणार न्हाय.

अशी मी पालथी झाले.

आणि मग वळवाची एक सर आली. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेला बुडाचा तो खड्डा आता वर होता. त्यात पाणी साठलं. एक चिमणी कुठून तरी उडत आली, माझ्या पाठीवर उतरली आणि चोच खाली घातली. मी थिजले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

खिडकीतून आवाज आला. "हाऽ! हाऽ!"

चाँदभाईची हाळी. पण गळा जमीलाचा. जिनं जन्मात दारातलं पाखरू हाकललं नाही, ती खाटेवर कोपरांवर उठून, गजाला धरून ओरडत होती. चिमणी दचकून उडाली. जमीला ओरडतच राहिली, चिमणी दिसेनाशी झाल्यावरही.

आता माझ्यावर गोणपाट टाकलंय, वर दगड ठेवलाय. परसातला कोपराही साजियानं साफ करून घेतला, कारण पाखरं यायलाच नकोत.

मित्रांनो, पाखरांना दाणा घालायचा असेल तर जो दाणा दळून स्वतःच्या लेकराला भाकरी कराल, तोच घाला. घालायचं भांडं रोज घासा, वाळवा. नाही जमत तर परसाचा एक कोपरा उगवेल तसा उगवू द्या आणि त्याच्यावर काही मारू नका, एवढंही पुष्कळ आहे. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. हे तुम्ही कराल असं मला वाटत नाही. तरी सांगते.

आणि उद्या कुणाला मी सापडले, जुनं लाकूड म्हणून आवडले, तर मला सुलटी करू नका. माझ्यावर कुठं काही लिहिलेलं नाही. दिसायला मी अजून छान आहे.

अजूनही एखादं पाखरू जुन्या सवयीनं येतं. गोणपाटावर त्याची पावलं मला कळतात. मी श्वास धरून वाट बघते. मग खिडकीतून येते ती थकलेली, चिरकी हाळी, हाऽ हाऽ, आणि पावलं उडून जातात.