उजव्या हातातले पूर्वज

अनसिंगच्या पांढरीवर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाव ज्या उंचवट्यावर पिढ्यान्‌पिढ्या वसलं, ती पांढरी. तिचीच चिमूटभर माती मृत्तिकानंद महाराज भक्ताच्या तळहातावर ठेवत. भक्त ती चोळे, नाकाशी नेई आणि ढसाढसा रडू लागे.

"हे अत्तर नव्हे बाळांनो, हा काळाचा श्वास आहे!" महाराज डोळे मिटून सांगत होते. "वाकाटकांच्या राण्यांचा गजरा, तुमच्या पणजीचा पदर, सगळं या मातीत मुरलंय!"

"माय वं!" सोजरबाईंनी हंबरडा फोडला. "माह्या मायच्या चुलीचा वास येऊन राह्यला!"

रांगेत मागं उभी असलेली योगिनी जळून खाक झाली. दोन वर्षं ती हेच करू पाहत होती. भाजलेली माती तांब्याच्या हंड्यात उकळायची, झाकणाच्या फटी कणकेनं लिंपायच्या, नळीतून येणारी वाफ गार करायची आणि त्यातून गावाचा वास कुपीत उतरवायचा. गावानं ढुंकून पाहिलं नव्हतं. सासरे उकंडराव तर चारचौघांत म्हणत, "आमची सून माती उकळते, वरण कवा उकळंल माहीत नाही."

तेच उकंडराव आता डोळे पुसत तिच्याजवळ आले. "तुले दोन वर्सांत जमलं नाही पोरी, महाराजानं चिमटीत करून दाखवलं."

हे वाक्य तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं. खोटं कशाला सांगा, योगिनी काही सत्य शोधायला आली नव्हती. या बुवाला आपल्यापेक्षा बरं कसं जमलं, या एका विचारानं तिचा जीव जळत होता.

मंडपाच्या दाराशी घंगाळातल्या तीर्थात हात बुडवूनच आत जायचं, असा नेम होता. शेजारीच धुपाचा एवढा लोट, की नाकाला दुसरं काही कळूच नये. योगिनीनं हात बुडवले, आत जाऊन माती चोळली, नाकाशी नेली, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ओल्या मातीचा वास आणि त्यामागून पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा धूर.

मग ती दचकली. हा धूर तिच्या ओळखीचा होता! उन्हाळ्यात झाकणाची कणीक तडकली होती आणि खाली जळणाऱ्या पऱ्हाटीचा धूर हंड्यात शिरला होता. अत्तर नासलं म्हणून वैतागून तिनं ते कारंजा गावातल्या एका अत्तरवाल्याला देऊन टाकलं होतं.

इतक्यात पुढं गलका झाला. शेजारच्या धम्मदीपा मॅडम, शाळेत शिकवणाऱ्या, हात हुंगून म्हणत होत्या, "मले तं नुसत्या मातीचा वास येते."

"श्रद्धा कोरडी, म्हणून माती कोरडी!" महाराज गरजले. लोक हसले.

योगिनी हसली नाही. दाराशी मॅडम म्हणाल्या होत्या, "आमी तीर्थ घेत नाही." श्रद्धेचं कोण जाणे, मॅडमचे हात मात्र खरंच कोरडे होते.

ती दाराशी घंगाळाजवळ गेली. "मॅडम, हात झटका अन् इकडे या. फक्त उजवा हात यात बुडवा. तीर्थ म्हणून नाही, पाणी म्हणून."

पाणी म्हणून मॅडमनी हात बुडवला आणि दोघी धुपापासून लांब सरकल्या. योगिनीनं पांढरीची माती घेतलीच नाही. रस्त्याकडेला पडलेल्या मुरुमाच्या ढिगातून तिनं दोन मुठी आणल्या आणि मॅडमच्या दोन्ही तळहातांवर ठेवल्या. मॅडमनी एकेक मूठ तिथल्या तिथं चुरगाळली.

"मामाजी, आता वास घ्या."

उकंडरावांनी उजवा हात हुंगला. "हाये! पूर्वज हायेत!" मग डावा हुंगला, पुन्हा उजवा, पुन्हा डावा. "इकडं तं कोणीच नाही बाप्पा."

"मंग पूर्वज उजव्याच हाताले काहून बिलगले? तेही मुरुमात?"

एक चेला घंगाळ उपडं करायला धावला, तेव्हाच गावाला काय ते कळलं. गावावर कोप होईल, असं बजावत महाराज गाडीत बसले. मालेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

"त्या पाण्यात माहंच अत्तर होतं," योगिनी म्हणाली.

मग सोजरबाईंनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "म्हंजे देवी तुह्याच हातात हाये वं!"

मागची रांग वळली. उकंडरावांनीसुद्धा हात जोडले. दोन वर्षं पोटात पेटलेली आग एकदम गार झाली. नुसती मान डोलावली असती, तर महाराजांच्या गादीवर आता योगिनी बसली असती. बसावं असं वाटलंही तिला, चांगलंच वाटलं.

तिनं पाय मागं घेतले. "काकू, उठा. माही कणीक तडकली अन् धूर शिरला. चूक हाये ते, चमत्कार नाही."

"मंग माही माय? ते बी खोटी?"

"माय खरी, आठवण खरी. तुमची माय पऱ्हाटीच जाळत होती, अन् मी बी तेच जाळलं. घरी या, हंडा दाखवतो. तुमाले बी जमंल."

योगिनी तिथं गेली ती मत्सरापोटी, पण पडताळा कुणाच्या मनात काय आहे ते विचारत नाही. तेव्हा मायबापहो, आठवणीनं रडू आलं तर खुशाल रडा. पण कुणी तळहातावर चमत्कार ठेवू लागला, तर एक हात कोरडा ठेवा.