पांढरीची राखण

“आजच्या दिवस कुदळी खाली ठेवा रे बाबांनो. साहेब वडीगोद्रीहून निघाले असतील.”

धुळाजी दोन्ही हात पसरून पांढरीच्या वाटेत उभा होता. समोर तीन बैलगाड्या. त्यांत टोपल्या, फावडी, कुदळी. पहिल्या गाडीवर त्याचा चुलतभाऊ भुजंग बसला होता.

“निघाले असतील!” भुजंगनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. “एकोणीस वर्षांपासून निघूनच राह्यला तुझा साहेब. मधी कुठं सासुरवाडी लागली का त्याला?”

मागच्या गाड्यांतली माणसं हसली. धुळाजीही हसला. लोक आपल्याला हसले की आपणही थोडं हसावं, म्हणजे ते लवकर थांबतात, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

“या बारीला कागद आला ना भुजंगा. मुंशीनं वाचून दाखवला. तू होता की तिथं.”

“अन् सरकारनं पांढरी घेतली, तर धाब्यावर काय टाकायचं? तुझी टोपी?”

तेवढ्यात रामराव पाटील काठी टेकत आले. त्यांना पाहून सगळे गप्प झाले. पाटलांनी एकदा धुळाजीकडं पाहिलं, एकदा उन्हाकडं.

“दुपार कलेपर्यंत थांबा रे. धुळाजीनं आजपातुर काय मागितलं आपल्याला? साहेबानं कागदावर पांढरीचं नाव घातलं तर घातलं. मंग सरकार जाणे. न्हाई घातलं, तर गाड्या भरा. बराबर का न्हाई, धुळाजी?”

“बराबर, पाटील,” धुळाजी म्हणाला.

गोदावरीला या गावात गंगाच म्हणतात. गंगेच्या वरच्या अंगाला, जिथं पुराचं पाणी कधी चढलं नाही, तिथं ही पांढरी होती. चहूकडं काळीभोर जमीन आणि मध्येच हा राखेच्या रंगाच्या मातीचा उंचवटा. ती माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, वीतभर पसरली आणि पायानं तुडवून बसवली, की आत थेंब उतरत नाही. म्हणून दर वैशाखात गाव पांढरी खणायचं. धुळाजीच्या आजाच्या काळी तिच्यावर उभं राहिलं की गंगेपलीकडच्या गावातले दिवे मोजता यायचे म्हणे. आता ती अर्धी उरली होती. खणताना हातभर लांबीच्या विटा निघत, खापरं निघत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी निघत. लोक ते बाजूला फेकत. माती चाळायला त्रास होतो, एवढीच त्यांची तक्रार.

धुळाजी पंचविशीत असताना सरकारी मोजणी आली होती. मोजणीची साखळी ओढायला त्याला धरलं होतं. एका सकाळी मोजणीचे साहेब पांढरीवर चढले आणि खाली वाकून त्यांनी काहीतरी उचललं. शिशाचं गोल नाणं होतं. त्यांनी ते रुमालानं हलकं पुसून धुळाजीच्या तळहातावर ठेवलं. त्यावर हत्ती होता. सोंड वर केलेला, नखाएवढा हत्ती. भोवती मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरं.

“हे शहर होतं, धुळाजी,” साहेब म्हणाले होते. “पैठणपासून खाली या नदीकाठी अशी शहरं होती. इथून कापूस आणि मणी बैलांवर लादून पार समुद्रापर्यंत नेत. दोन हजार वर्षं झाली त्याला. जे सापडेल ते जपून ठेव. आमची माणसं येतील.”

मोजणी पुढच्या तालुक्यात गेली. साहेब पुन्हा दिसले नाहीत. पण धुळाजीला आयुष्यात कुणी कधी काही सोपवलं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाकडं बापानं मेंढरं सोपवली होती, शेत सोपवलं होतं. धुळाजीच्या वाट्याला हे एवढं आलं, आणि ते त्यानं घट्ट धरून ठेवलं.

पाऊस उघडला की तो पांढरीच्या घळींतून फिरायचा. माती वाहून गेलेली असायची आणि नाणी वर आलेली. कचरू भोई ती नाणी वितळवून जाळ्याला शिशाचे मणी करायचा. धुळाजीनं त्याला ओंजळ ओंजळ ज्वारी देऊन ती सोडवून घेतली. घरच्या भिंतीतल्या देवळीत एक मडकं होतं, ते हळूहळू भरलं. कुठल्या नाण्यावर बैल, कुठल्यावर झाड, कुठल्यावर एकमेकांना चिकटलेले चार गोल. तो दर वर्षी अंबडला जाऊन मुंशीकडून हैदराबादला अर्ज लिहवून घ्यायचा. आणि आपल्या धाब्यावर मात्र त्यानं पांढरीची एक टोपली कधी टाकली नाही. गंगेचा गाळ आणून टाकायचा. तो उन्हानं तडकायचा आणि पावसात गळायचा. त्याच्या बायकोनं, जयवंताबाईनं, एकोणीस पावसाळे घरभर भांडी मांडून काढले. ती कधी काही बोलली नाही असं नाही. खूप बोलली. पण धुळाजीनं तिला कधी नीट सांगितलंच नाही. काय सांगायचं होतं ते त्याला शब्दांत मांडता यायचं नाही. एकदा त्यानं सुरुवात केली होती. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ते राहिलं ते राहिलंच.

आज पहाटे तो निघाला तेव्हा ती अंगणात वीट कुटत बसली होती. शेजारी परातीत चिंच भिजत होती.

“हे कशाला?” त्यानं विचारलं होतं.

“पाव्हणे येऊन राह्यले न्हवं हैदराबादहून? भांडी नको का घासायला?” ती मान वर न करता म्हणाली. “तुमी जा. घरचं मी बघते.”

हैदराबादच्या पुराणवस्तू खात्याचे साहेब आले ते अकराच्या सुमाराला. वडीगोद्रीपर्यंत मोटार, पुढं छकडा. किरकोळ अंगाचे, पिकल्या दाढीचे, हातात छत्री. उतरताच त्यांनी विचारलं, “तुम्हीच का धुळाजी? भई, तुमच्या अर्जांनी आमची फाईल एवढी जाड झाली.”

धुळाजीनं हात जोडले.

मग दोघं पांढरीवर चढले. त्यानंतरचा तास धुळाजीला पुढं आयुष्यभर पुरला असता. साहेबांनी खणून तुटलेल्या कडेवर हात ठेवला आणि बोटानं रेघ दाखवली. “ये देखो. ही राख. इथं मोठी आग लागली होती. अन् हे बघा, तिच्यावर पुन्हा चोपून जमीन केली. पुन्हा घरं बांधली. जळालं, पुराचा गाळ बसला, तरी माणसं हटली न्हाईत.”

एकोणीस वर्षं तो ती काळी रेघ पाहत होता आणि ती आग आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“साहेब,” त्यानं धीर करून विचारलं, “मंग ही माणसं गेली कुठं?”

साहेबांनी खाली पाहिलं. लिंबाच्या सावलीत गाड्या सोडलेल्या होत्या. भुजंग आणि बाकीचे भाकरी खात बसले होते.

“कुठं जातील?” ते म्हणाले. “हीच असतील.”

मग त्यांनी कामाचं सांगितलं. पांढरी खूप तुटली होती. अशा तुटक्या जागा रियासतीत जागोजाग होत्या, आणि राखायच्या जागांच्या यादीत नाव घालायचं तर वरच्यांना दाखवायला काही ठोस हवं. “एक नाणं बस आहे. ज्यावर राजाचं नाव वाचता येईल असं. मग बाकी मी बघतो. इथं पाटी लागेल, पहारा बसेल, कुदळ लागणार न्हाई. आहे ना तसं?”

“एक?” धुळाजी पहिल्यांदाच मोकळा हसला. “साहेब, मडकंभर हैत.”

घरी बाजेवर नवी गोधडी अंथरलेली होती. साहेब बसले, ताक प्याले. भुजंग आणि पाटीलही दारात येऊन उभे राहिले. धुळाजी देवळीकडं वळणार, तोच जयवंताबाई आतून आली. डोईवर पदर, हातात पितळी ताट, ताटात नाणी. तिनं ते साहेबांपुढं ठेवलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

नाणी लखलखत होती. चांदीची म्हणून कुणी घेतली असती.

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. एक नाणं उचललं, उलटलं, ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. धुळाजी वाकून पाहत होता. हत्ती नव्हता. बैल नव्हता. मुंग्यांची रांग कुठंच नव्हती. शिसं मऊ. चिंचेनं आणि विटेच्या पुडीनं ते त्याच्यामागं तीन दिवस घासलं होतं, आणि आता प्रत्येक नाणं सदऱ्याच्या बटनासारखं गुळगुळीत होतं. वीटही पांढरीचीच होती. हातभर लांब, अंगणात धुणं आपटायला आणून टाकलेली.

साहेबांनी वीस-पंचवीस नाणी पाहिली. मग भिंग खाली ठेवलं.

“ये किसने साफ किए?” ते हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता.

दाराआड बांगड्या वाजल्या. जयवंताबाईला साफ हा शब्द कळला होता. ती पुढं यायला निघाली होती, आणि तिच्या तोंडावर हसू होतं.

“मी,” धुळाजी म्हणाला. “मी घासली, साहेब.”

बांगड्या थांबल्या.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. “एखादं राहिलं असेल बघा. कुठं कोपऱ्यात. एक.”

तेव्हा धुळाजीला चंची आठवली. कमरेची पान-तंबाखूची चंची. तिच्या आतल्या कप्प्यात मोजणीच्या साहेबांनी दिलेलं पहिलं नाणं होतं. ते त्यानं मडक्यात कधी टाकलं नव्हतं. नाणं काढून त्यानं साहेबांच्या हातावर ठेवलं.

साहेबांनी ते उन्हात धरलं. भिंगातून पाहिलं. फिरवलं. पुन्हा पाहिलं. आणि धुळाजीच्या हातात परत दिलं.

धुळाजीनं ते कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. रोज बसल्याजागी, चालता चालता, निजण्याआधी, तो नुसता त्याच्यावरून अंगठा फिरवायचा. हत्ती तिथं आहे असं त्याला प्रत्येक वेळी वाटायचं. आता पाहिलं. एका बाजूला किंचित उंचवटा होता. तो सोंडेचा होता की कशाचाच नव्हता, ते सांगता आलं नसतं.

जयवंताबाईनं तीन दिवसांत केलं ते त्यानं एकोणीस वर्षं लावून केलं होतं. फरक तेवढाच.

“नावच न्हाई, तर कोणाचं लिहू?” साहेब उठताना म्हणाले. त्यांनी धुळाजीच्या खांद्यावर हात ठेवला. तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग छकडा निघाला.

पाटलांनी उन्हाकडं पाहिलं. खाकरले. भुजंग गाडी जुंपायला गेला.

सगळे गेल्यावर जयवंताबाई बाहेर आली. कमरेवर हात.

“मी घासली, म्हन्ता? माझी बोटं बघा ही, चिंचेनं सालटी निघाली. अन् नाव तुमचं! पाव्हण्यासमोर मोठेपणा घ्यायची लई हौस.”

“चुकलं,” धुळाजी म्हणाला.

“मळकट वस्तू कोणाच्या हातात द्यायची म्हंजी कसं दिसतं? शेजारची साळूबाई म्हन्ली, घासून दे गं, तुझ्या घराची इज्जत है. तुमचं ते मडकं म्हंजी नुसतं मातीचं लोणचं.” ती ताटाजवळ बसली आणि नाणी फडक्यात बांधू लागली. “आवडली का पण साहेबाला?”

“हां.”

“काय म्हन्ले?”

“चांगली चकाकतात म्हन्ले.”

“चकाकणारच,” ती म्हणाली. तिनं गाठ मारली आणि बोचकं जपून देवळीत ठेवलं. “पुढल्या बारीला येणार असतील, तर मला आधी सांगा. दोन दिस जास्त भिजत घालते.”

त्यानं अंगणातली टोपली उचलली.

पांढरीवर माती उडत होती. त्याला येताना पाहून माणसं थबकली. पुन्हा आडवा होतो की काय, असं त्यांना वाटलं असावं. धुळाजी भुजंगपाशी गेला आणि हात पुढं केला. भुजंगनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि आपली कुदळ त्याच्या हातात दिली. मग स्वतः बाजूला सरून त्यानं कडेची चांगली, बिनखड्यांची जागा दाखवली.

“हितली घे, दादा. हितली बारीक है.”

त्यानं दादा म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती.

पहिला घाव राखेच्या रेघेवर बसला. काळी भुकटी सांडली, वाऱ्यानं थोडी उडाली.

दिवस मावळायच्या आत त्यानं चौदा टोपल्या धाब्यावर चढवल्या. त्या पसरल्या, पाणी शिंपडलं आणि अनवाणी पायांनी माती तुडवायला सुरुवात केली. मध्येच टाचेला काहीतरी टोचलं. वाकून पाहिलं तर तांबडं खापर होतं, मडक्याच्या काठाचं. आतल्या बाजूला घडवणाऱ्याच्या बोटाचा ठसा उठलेला होता. आपला अंगठा त्या ठशात बरोबर बसेल, असं त्याला वाटलं. पण त्यानं तो तिथं ठेवला नाही. खापर होतं तसं मातीत पालथं घातलं, वर मूठभर पांढरी पसरली आणि तुडवत पुढं गेला.

खाली जयवंताबाई घरभर मांडायची ती ठिबकेची भांडी गोळा करत होती. एकात एक घालून ठेवताना त्यांचा होणारा आवाज त्याला वर ऐकू येत होता.