घट्टा समजलेली गाठ

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सलूनवाल्याच्या उजव्या अनामिकेवरची गाठ दुसऱ्यांदा कापायला घेतली. तो जागा होता. काखेजवळ सुई टोचून फक्त हात बधिर केला होता. हिरव्या पडद्यापलीकडून हाड खरवडल्याचा आवाज येत होता. एकतीस वर्षं ज्या हातावर पोट चाललं, तो बाजूच्या फळीवर परक्यासारखा पडून होता.

"मागच्या वेळी नुसती गाठ काढली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता खालच्या हाडाचा टवकाही काढतेय. मूळ राहायला नको."

"मीच वाढवून ठेवली, बाई."

"कितीदा सांगू? तुमच्या तासण्यानं काही झालेलं नाही."

त्याला ते पटत नव्हतं. कैचीच्या कडीत बोट घालून जन्म काढला की तिथे घट्टा पडतोच. त्याच्या वडिलांनाही होता. म्हणून ही गाठ वर आली तेव्हा घट्टाच समजून तो दर आठवड्याला बोट कोमट पाण्यात भिजवायचा आणि वस्तऱ्यानं ती तासायचा. दोन वर्षं. कातडी निघायची, गाठ जागची हलायची नाही. शेवटी त्यानं धारवाल्याकडून कैचीची कडीच रुंद करून घेतली. दवाखान्यात गेला तो बोट वाकेनासं झाल्यावर. डॉक्टरीणबाईंनी बावीस वर्षांत अशा तीनच गाठी पाहिल्या होत्या.

पहिल्या ऑपरेशननंतर रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. बायकोला हायसं वाटलं. मेहुण्यानं फोन केला, "अहो दाजी, आता तोंड पाडून काय बसलात? साधी गाठ ती! लोक तंगडी मोडली तरी नाचतात."

"मग तू नाच," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आठ महिन्यांनी गाठ त्याच जागी परत आली. तो कुणाला काही बोलला नाही. वर चिकटपट्टी लावली आणि अनामिकेऐवजी मधलं बोट कडीत घालू लागला. कैची ऐकेना. एका संध्याकाळी जुने गिऱ्हाईक असलेले हेडमास्तर खुर्चीतून उठले, तसा शेजारच्या खुर्चीवरचा धाकटा भाऊ ओरडला, "दादा, सरांच्या कपाळावर जिना बांधलास की रे!"

"राहू दे," आरशात बघत हेडमास्तर म्हणाले. "वर चढायला काही उरलंय कुठे!"

दुकानभर हशा पिकला. शटर ओढल्यावर भावानं दादाचा हात धरून चिकटपट्टी सोलली.

या दुसऱ्या ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "तिसऱ्यांदा आली, तर बोट ठेवण्यात अर्थ उरणार नाही."

घरी बायको म्हणाली, "अहो, नऊ बोटांनीसुद्धा माणसं जेवतात."

"जेवतात. दुसऱ्याचे केस नाही कापत."

टाके निघाले. पट्टी गेली. रोज सकाळी तो गरम पाण्यात मूठ आवळायचा, उघडायचा. बोट तळव्यापर्यंत पोचायला अकरा आठवडे लागले. तोवर भाऊ दोन्ही खुर्च्या सांभाळत होता आणि गिऱ्हाइकांना सांगत होता, "दादा रजेवर आहे."

चौदाव्या आठवड्यात, गुरुवारी अकरा वाजता, एक्स-रे काढला. हाड खरवडलेल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर दोनदा धरून पाहिला.

"भरून येणारं हाड असेल. नाहीतर तीच असेल. आज नाही सांगता येत."

"कधी येईल सांगता?"

"सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू."

"तोवर कैची धरू?"

"धरा. धरल्यानं काही बिघडणार नाही."

दुपारी तो दुकानात गेला. भावानं खुर्ची झटकून दिली. त्यानं एकच डोकं केलं. एरवी वीस मिनिटांचं काम, पन्नास मिनिटं लागली. केस सरळ कापले गेले. रात्री बोट सुजलं, सकाळी सूज उतरली.

पुढचा फोटो तेवीस तारखेला आहे.