बत्तीस छाती

"हात थोडे वर करा," छाया म्हणाली.

शेषरावांनी कोपरं उचलली, पण दोन श्वासांपुरतीच. तिने घाईघाईने पाठीमागून टेप फिरवला, चार बोटं आत घालून छातीवर जुळवला, आकडा पाहिला आणि लगेच टेप गुंडाळून टाकला.

"किती?"

"छत्तीस."

शेषरावांनी तिच्या मुठीतल्या टेपकडे पाहिलं. मलकापूरच्या बाजारात चौतीस वर्षं त्यांनी शिलाईचं दुकान चालवलं होतं. माणूस पायरी चढून आत येईपर्यंत त्याचं माप त्यांच्या मनात उतरलेलं असे.

पोटाचा कॅन्सर निघाला तो दिवाळीनंतर. मार्चमध्ये अकोल्याच्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" असं सांगितलं. एप्रिल लागला, घरोघरी कूलर सुरू झाले आणि शेषरावांना थंडी वाजू लागली. रजई अंगाला जड व्हायची. विकतच्या स्वेटरची शिवण खांद्याच्या हाडावर रुतायची. मग संभाजीनगरला नर्स असलेल्या त्यांच्या आणि छायाच्या मुलीने, मयुरीने, स्वेटर विणण्याचा एक व्हिडिओ पाठवला. गळ्यापासून खाली विणत जायचं, पाठ, पुढचे भाग आणि बाह्या एकसंध. खांद्यावर शिवणच नाही. पुढून उघडा, बटणांचा.

छायाचे हात विणण्यात तयार होते, पण हा हिशोब तिला सुटेना. तो शेषरावांनी पडल्यापडल्या सोडवला होता. गळ्याला ऐंशी टाके: पाठीला अठ्ठावीस, पुढे चौदा-चौदा, बाह्यांना बारा-बारा. या भागांच्या मधून चार तिरप्या रेघा. एक ओळ सोडून प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवायचा.

"म्हंजे एका वक्ताले आठ वाढले," ते म्हणाले होते. "त्यातले चार बाह्यांत गेले, चार अंगात. इंचाले पाच टाके, छत्तीसाले एकशेऐंशी. काखेत सहा-सहा नवे घेशीन, ते बारा वजा कर. गळ्यातले छप्पन वजा कर. राह्यले एकशेबारा. चारानं भाग." आणि कागद न घेता सांगितलं होतं, "अठ्ठावीस वेळा वाढव."

किती दिवसांनी त्या दिवशी ते आजाराव्यतिरिक्त काही बोलले होते.

त्याला आता तीन आठवडे झाले होते. पंचवीस वेळा वाढवून झालं होतं. बाह्या वेगळ्या करण्याआधी एकदा माप पाहावं म्हणून तिने टेप काढला होता.

"छाया," शेषराव म्हणाले, "टेप कुठी येऊन जुळला ते अंगाले समजते. बत्तीस हाये."

ती खाली बघत सुया सारख्या करू लागली.

"चार इंच गेले. वीस टाके. पाच वेळा कमी वाढवा लागते. तेवीस. तुयं किती झालं?"

"पंचवीस."

"मंग दोन वाढी उसव."

"राहू द्या नं. थोडं ढिलं होईन. तब्येत भरली की मंग..."

"ढिल्यातून वारा जाते व," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

दुपारभर ती उसवत बसली. चार ओळी, हजारावर टाके. सुटलेली लोकर सरळ होईना, मांडीवर वेटोळी घालून पडली. टाके पुन्हा सुईवर घेताना तिला एकदम कळलं, आपण इतके दिवस नवऱ्याला रोज अंघोळ घालत होतो, पण त्याच्याकडे पाहत नव्हतो.

संध्याकाळी मयुरीचा फोन आला. "बाबाचं वजन वाढलं का?"

"हाव. खाऊन राह्यले थोडं थोडं."

"मले सुटी पुढच्या महिन्यात भेटीन. तोवर सांभाळ."

"ये मंग आरामात," छाया म्हणाली.

अंग विणून झालं, एक बाही झाली. दुसरी कोपरापर्यंत आली तेव्हा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शेषराव सकाळचा चहा अर्धा ठेवून गेले.

मयुरी पोचली तेव्हा त्यांना बाहेर काढलं होतं. तिने तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि आईकडे वळली.

"हे असे झाले होते? तू मले सांगितलं काऊन नाई?"

छायाने कापड पुन्हा तोंडावर ओढलं. मयुरीने पुन्हा कधी विचारलं नाही.

सुतकाच्या दिवसांत बाया भेटायला येत, तेव्हा छाया भिंतीला टेकून उरलेली बाही विणत असे. बायांना ते विचित्र वाटे. लांबी पहिल्या मापाचीच होती, चोवीस इंच. हाडं काही आजाराने आखूड होत नाहीत.

तेरवी आटोपल्यावर शेषरावांचे धाकटे भाऊ सहदेव म्हणाले, "वहिनी, मेहनतीचं काम हाये. कोनाच्या तरी अंगावर जाऊ द्या." त्यांनी स्वतःच घालून पाहिला. छातीवर बटणं जुळेनात. एवढ्या लांब हातांचा आणि एवढ्या बारीक छातीचा धडधाकट माणूस त्यांच्या ओळखीत कोणी नव्हता.

त्यांनी काढून ठेवला तेव्हा मयुरीने तो उचलला आणि अंगात घातला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबल्या.

"बाह्या वर कर बेटा," सहदेव म्हणाले.

तिने केल्या नाहीत. बाहेर ऊन रणरणत होतं. लोकरीच्या आतूनच चाचपडत तिने एकेक करून सगळी बटणं लावली, आणि आईपासून जरा दूर, भिंतीला पाठ लावून बसली.